जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार : मूळ बॉडी, नवी बॉडी आणि अस्सलपणाचा निर्णय

१

ऐतिहासिक वस्तूचा जीर्णोद्धार करितांना मूळचें किती राखावें व नवें किती घालावें, हा वाद देवळें, किल्ले आणि पोथ्या यांच्या बाबतींत आपणांस चांगला परिचित आहे. हाच वाद जुन्या मोटारगाड्यांच्या बाबतींत युरोप व अमेरिका येथें गेलीं कित्येक वर्षें मोठ्या ईर्ष्येनें चालू आहे. त्यावर इंग्लंडांतील उच्च न्यायालयानें १९९० सालीं एक प्रसिद्ध निकाल दिला. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघानें २०१२ सालीं एक सनद मंजूर केली. आणि २०२१ सालीं आपल्या केंद्रसरकारनेंहि एक नियम करून या वादांत पाऊल टाकलें. या तिहींचें परीक्षण करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मोटारगाडी हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत येतो काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु शंभर वर्षांपूर्वींची मोटार ही आतां नाणें, तोफ किंवा ताम्रपट यांच्याप्रमाणेंच इतिहासाचें एक साधन झाली आहे. ती कोणीं केली, कोणासाठीं केली, आणि पुढें तिच्यांत कोणीं काय फेरफार केले, हें तिच्या अंगावरच लिहिलेलें असतें. साधन म्हटलें कीं अस्सल कोणतें, नक्कल कोणती आणि मागाहून घुसडलेलें कोणतें, हे प्रश्न ओघानेंच येतात. या प्रश्नांचा निवाडा करण्याची शिस्त मोटारींच्या शोकिनांपेक्षां कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं अधिक काळ पाळली आहे. तेव्हां या वादांत आपणांस बोलण्याचा अधिकार आहे, असें आमचें मत आहे.

२

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. १९२० ते १९४० या काळांत रोल्स-रॉईस अथवा बेंटली यांच्या कारखान्यांतून गिऱ्हाइकास मिळे ती पुरी मोटार नसे. कारखाना चासी, इंजिन, गिअरबॉक्स, आंस व सुकाणूची रचना एवढें देई. त्यावर बॉडी चढविण्याचें काम हूपर, बार्कर, एच. जे. मलिनर, गर्नी नटिंग, व्हान्डन प्लास इत्यादि स्वतंत्र कारखानदार करीत. हे कारखानदार मूळचे घोड्याच्या गाड्या बांधणाऱ्यांच्या परंपरेंतले. त्यामुळें बहुतेक बॉड्यांच्या आंत अ‍ॅश नांवाच्या लांकडाचा सांगाडा असे व त्यावर हातानें ठोकून वळविलेला अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादाचा पत्रा बसविलेला असे. वेमन पद्धतीच्या बॉडीवर तर पत्र्याऐवजीं कापड ताणलेलें असे. बेंटलीची मार्क सहा ही गाडी १९४६ सालीं निघाली, तेव्हां कुठें कारखान्याची स्वतःची ठराविक पोलादी बॉडी गिऱ्हाइकास मिळूं लागली.

यावरून एक गोष्ट उघड होते. अशा मोटारीची चासी व बॉडी यांचा संबंध देह व कातडी यांचा नसून बराचसा देह व वस्त्र यांचा आहे. फॅशन बदलली म्हणून, बंद गाडी नकोशी झाली म्हणून, किंवा नव्या धन्याला जुना घाट आवडेना म्हणून, त्या काळींच बॉड्या बदलल्या जात. गाडी जुनी झाली म्हणजे तिच्यावर प्रेतें वाहण्याची किंवा माल नेण्याची बॉडीहि चढे. बुगाटीच्या ‘रोयाल’ जातीच्या पहिल्याच चासीनें आपल्या आयुष्यांत पांच बॉड्या पाहिल्या, असें तज्ज्ञ सांगतात. आज ती ‘कूपे नापोलिऑं’ या तिच्या अखेरच्या रूपांत फ्रान्समधील म्यूलूझ येथील संग्रहालयांत आहे.

सबब ‘मूळ बॉडी’ या शब्दाचे निदान तीन अर्थ संभवतात. चासीवर जी पहिल्यानें चढली ती एक. गाडीनें जें नांव मिळविलें तें मिळवितांना तिच्यावर होती ती दुसरी. आणि दीर्घकाळ वापरांत राहून जी आपल्यापर्यंत पोंचली ती तिसरी. या तिहींची गल्लत हेंच बहुतेक वादांचें मूळ आहे.

ज्या गाड्यांत चासी व बॉडी हीं एकजीव असतात, त्यांचा प्रश्न निराळा व अधिक कठीण आहे. एम. जी. बी. या लोकप्रिय ब्रिटिश गाडीची संपूर्ण कोरी बॉडी मूळच्याच सांच्यांवर काढून १९८८ पासून विकत मिळूं लागली. अशी बॉडी घेऊन तींत जुनें इंजिन बसविलें, तर जुन्या गाडीची दुरुस्ती झाली कीं नवीन गाडीला जुनें इंजिन मिळालें, हें ठरविणें सोपें नाहीं. परंतु हा प्रश्न हजारोंनीं निघालेल्या गाड्यांचा असल्यामुळें त्यांत इतिहासाची हानि अल्प आहे. एकेकट्या, हातानें बांधलेल्या गाड्यांची गोष्ट तशी नाहीं. म्हणून येथें त्यांचाच विचार करूं.

३

१९९० च्या निकालाची हकीगत अशी. बेंटलीची ‘स्पीड सिक्स’ जातीची एक शर्यतीची गाडी ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें ओळखली जाते. फ्रान्समधील ल मान्स येथील चोवीस तासांची शर्यत तिनें १९२९ सालीं वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांच्या हातीं, आणि १९३० सालीं बार्नाटो व ग्लेन किडस्टन यांच्या हातीं, अशी लागोपाठ दोनदां जिंकली. पुढें तिच्यांत फेरफार होत गेले. १९३२ सालीं तिला आठ लिटरचें इंजिन बसविलेलें असतां ब्रुकलंड्सच्या शर्यतींत ती उतरत्या कडेवरून उडाली व तींत क्लाइव्ह डनफी हा चालक ठार झाला. त्यानंतर ती पुन्हां बांधण्यांत येऊन रस्त्यावर चालविण्याची गाडी झाली. अनेक वर्षांनीं तिच्या विक्रीचा सुमारें १ कोटी पौंडांचा सौदा ठरला. परंतु ही ती गाडीच नव्हे, असें म्हणून घेणाऱ्या कंपनीनें माघार घेतली, आणि प्रकरण न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें आलें.

पुराव्यांत जें निष्पन्न झालें तें विलक्षण आहे. १९२९ च्या विजयी गाडीपैकीं न्यायालयापुढील गाडींत, ज्यांचा काळ निश्चयानें सांगतां येत नव्हता असे किरकोळ जोडभाग सोडल्यास, कांहींच राहिलें नव्हतें; आणि १९३० च्या गाडीपैकीं राहिलें होतें तें पेडलांचा दांडा, गिअरबॉक्सची पेटी आणि सुकाणूचा खांब एवढेंच. चासीचा सांगाडा, पुढचा आंस, स्प्रिंगा व इंजिन हीं १९३२ च्या गाडीचीं. ल मान्सच्या वेळच्या बॉडीचें तर या यादींत नांवहि नाहीं. असें असूनहि न्यायमूर्तींनीं निकाल विक्रेत्याच्या बाजूनें दिला. गाडीस ‘मूळची’ म्हणतां येणार नाहीं हें त्यांनीं मान्य केलें. परंतु १९२९ पासून तिचें अस्तित्व कोठेंहि खंडित झालें नाहीं, प्रत्येक अवस्थेंतून पुढील अवस्था निघाली, आणि त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. म्हणून ती प्रमाणभूत ‘ओल्ड नंबर वन’च होय, असें त्यांनीं ठरविलें.

हा निकाल वाचतांना आपल्या शास्त्रांतील तीन मतें आठवल्यावांचून राहत नाहींत. वैयाकरणांचा एकदेशविकृतन्याय प्रसिद्धच आहे : कान किंवा शेपूट तुटलें म्हणून कुत्र्याचा घोडा होत नाहीं कीं गाढव होत नाहीं, तो कुत्राच राहतो. नैयायिकांचें मत याच्या उलट टोंकाचें. त्यांच्या मतें अवयवी हा अवयवांहून निराळा पदार्थ आहे. वस्त्रांतून कांहीं तंतु काढले तर जुनें वस्त्र नष्ट होऊन खंडपट हा नवाच पदार्थ उत्पन्न होतो. बौद्धांचा मार्ग तिसरा. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथांत नागसेन राजाला विचारतो कीं, चाक रथ कीं आंस रथ कीं जूं रथ. आणि अखेर रथ हें केवळ व्यवहारांतलें नांव ठरतें. त्याच ग्रंथांत रात्रभर जळणाऱ्या दिव्याचाहि दृष्टान्त आहे : पहिल्या प्रहराची ज्योत व शेवटच्या प्रहराची ज्योत या एकच नव्हेत, व निराळ्याहि नव्हेत, एकीपासून दुसरी अखंड निघाली आहे.

ऑटनसाहेबांच्या निकालाचें समर्थन पुष्कळ लोक पहिल्या न्यायानें करूं पाहतात. आमच्या मतें तें चूक आहे. एकदेशविकृतन्याय लागण्यास विकार एका भागांत झालेला असला पाहिजे; येथें शेपूट तेवढें राहून कुत्रा बदलला आहे. निकालाचा खरा आधार दिव्याचा दृष्टान्त, म्हणजे अखंड संतान, हा होय; आणि त्या आधारावर तो योग्यच आहे. करारांत प्रश्न एवढाच होता कीं, या नांवानें जी वस्तु जगाला माहीत आहे ती विक्रेत्यानें देऊं केली कीं नाहीं. ती त्यानें देऊं केली होती.

परंतु या निकालाचा पुढें जो उपयोग करण्यांत येतो त्याला आमचा आक्षेप आहे. ‘न्यायालयानेंच सांगितलें आहे कीं सर्व भाग बदलले तरी गाडी तीच राहते, मग बॉडी बदलली तर काय बिघडलें?’ असें म्हणणारे दोन प्रश्नांची गल्लत करितात. ज्योत तीच आहे काय, हा कायद्याचा प्रश्न. पहिल्या प्रहरीं दिव्यांत कोणतें तेल व कोणती वात होती, हा इतिहासाचा प्रश्न. पहिल्याचें उत्तर ‘होय’ आलें म्हणून दुसऱ्याचें मिळत नाहीं. ‘ओल्ड नंबर वन’ हें नांव त्या गाडीस शोभतें हें खरें. पण १९२९ सालीं व्हान्डन प्लासच्या कारागिरांनीं बॉडीचीं लांकडें कशीं सांधलीं होतीं, याबद्दल ती गाडी आज साक्ष देऊं शकत नाहीं. नांवाचा वारसा आणि साक्षीचें सामर्थ्य या दोन भिन्न वस्तु आहेत.

४

बॉडी साक्ष देते ती कोणती, हें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे; कारण जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं जें नाहींसें होतें तें बहुधा दिसण्यांत येत नाहीं. बॉडी बांधणारे कारागीर लांकडाच्या तुकड्यांवर आणि पत्र्याच्या मागील अंगावर कामाचा क्रमांक ठोकीत किंवा खडूनें लिहीत. जुन्या रंगाचे थर एकाखालीं एक असतात, आणि त्यांवरून गाडीचे धनी कितीदां बदलले याचा माग लागतो. गाडीचा उपयोग बदलला कीं दार रुंद केल्याची, मागील आसन काढल्याची किंवा जादा दिवा बसविल्याची भोंकें लांकडांत उरतात. पत्र्याची जाडी, खिळ्यांची जात, सांध्याची पद्धत यांवरून कारखाना व काळ ओळखतां येतो. हीं सर्व अक्षरें आहेत. नवी बॉडी कितीहि सुबक केली तरी तिच्यांत तीं नसतात. आणि जुनी टाकून दिली कीं तीं कायमचीं पुसलीं जातात.

वृद्ध बेंटली गाड्यांच्या बाबतींत हा प्रकार मोठ्या प्रमाणावर घडला आहे. त्या कारखान्याच्या तीन लिटर व साडेचार लिटर जातीच्या पुष्कळ गाड्यांवर मूळच्या बंद, उंच, घरगुती वळणाच्या बॉड्या होत्या. ल मान्सच्या विजयांमुळें उघड्या चार जणांच्या बॉडीला मोल आलें; आणि पुढील पिढ्यांनीं त्या बंद बॉड्या उतरवून त्यांच्या जागीं व्हान्डन प्लासच्या धर्तीच्या नव्या उघड्या बॉड्या चढविल्या. परिणाम असा झाला कीं, आज त्या गाड्यांचा मेळा पाहणारास वाटावें, १९२० ते १९३० च्या दरम्यानचे इंग्रज धनिक सर्वच शर्यतीला निघाले होते. डॉक्टर, वकील, वयस्क गृहस्थ यांनीं पावसांत बसण्यासाठीं घेतलेल्या गाड्यांचा इतिहास त्या मेळ्यांतून जवळजवळ गळालेला आहे. एकेका मालकानें आपापल्या आवडीप्रमाणें केलेल्या कृतीची बेरीज अशा रीतीनें एका सबंध काळाचें खोटें चित्र बनते.

बॉडीचा पुरावा बारकाईनें न पाहिल्यास दंतकथा कशी रुजते, याचें एक उदाहरण देतों. मार्च १९३० मध्यें बार्नाटोनें कान येथून निघून ‘ब्ल्यू ट्रेन’ या आगगाडीशीं चढाओढ केली, आणि ती कॅले येथें पोंचण्यापूर्वीं तो आपल्या बेंटलींतून लंडनला पोंचला. ही मोटार म्हणजे गर्नी नटिंगनें बांधलेली डौलदार कूपे होय, असें अनेक वर्षें मानलें जात होतें. चित्रकारानेंहि तशीच रंगविली. परंतु ती कूपे बार्नाटोच्या ताब्यांत मे १९३० मध्यें आली असें दिसून आल्यावर, शर्यत धांवली ती एच. जे. मलिनरच्या साध्या बंद बॉडीची गाडी होती हें मान्य करणें भाग पडलें. देखण्या बॉडीकडे कीर्ति आपण होऊन चालत जाते; साधी बॉडी विस्मृतींत पडते. बखरींत पराक्रम नेहमीं प्रसिद्ध पुरुषाच्या नांवें जमा होतो, तशांतलाच हा प्रकार. राजवाडे यांनीं बखरींपेक्षां तत्कालीन अस्सल पत्रांवर भर कां दिला, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

५

मग लुप्त झालेली सुंदर बॉडी पुन्हां पाहण्याची इच्छाच धरूं नये काय? असें आमचें म्हणणें नाहीं. येथें ग्रंथसंपादनाचा दाखला उपयोगीं पडेल. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति तयार केली, तेव्हां शेंकडों हस्तलिखितें ताडून प्राचीनतम असा पाठ निश्चित केला. मागाहून शिरलेले भाग मुख्य संहितेंतून वगळले. पण ते तळटीपांत व परिशिष्टांत जसेच्या तसे छापले, आणि ज्या पोथ्यांतून ते आले त्या पोथ्यांना कोणीं चाकू लावला नाहीं. संपादकाचा पाठ ही पोथ्यांच्या शेजारीं ठेवलेली नवी वस्तु आहे. मोटारीचा जीर्णोद्धार करणारा मात्र पुष्कळदां जगांत उरलेली एकमेव पोथी घेऊन तिच्यावरील नंतरचीं अक्षरें खरवडतो, आणि त्या जागीं आपल्या कल्पनेंतील आद्य पाठ लिहितो. पाठ नवा छापावा. पोथी खरवडूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

हें करून दाखविणारें उदाहरणहि आहे. १९३२ सालीं झां बुगाटीनें आर्मां एस्देर या कापडाच्या व्यापाऱ्यासाठीं एका ‘रोयाल’ चासीवर उघडी दोन जणांची बॉडी बांधली. एस्देर रात्रीं गाडी चालवीत नसे, म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते. पुढें गाडी दुसऱ्याकडे गेली, ती बॉडी उतरविण्यांत आली, आणि बिंदे या कारखानदारानें त्याच चासीवर ‘कूपे द व्हील’ घाटाची बॉडी चढविली. एस्देरची बॉडी जगांतील अत्यंत देखण्या बॉड्यांपैकीं एक समजली जाते. बिंदेची तितकी नाहीं. तरीहि बिंदेची बॉडी फोडण्यांत आली नाहीं. शिल्लक सुट्या भागांच्या आधारानें एस्देरच्या गाडीची प्रतिकृति निराळी बांधण्यांत आली, आणि ती प्रतिकृति म्हणूनच म्यूलूझ येथें दाखविली जाते. दोन्ही पाठ आज उपलब्ध आहेत, आणि कोणता अस्सल व कोणता पुनर्रचित याविषयीं कोणाची फसवणूक होत नाहीं.

अलीकडे लोकांची रुचिहि या दिशेनें वळत असल्याचीं चिन्हें दिसतात. इटली व स्वित्झर्लंड यांच्या सीमेवरील माज्जोरे सरोवराच्या तळाशीं सुमारें सात दशकें पडलेली १९२५ ची बुगाटी ‘ब्रेशिया’ २००९ सालीं वर काढण्यांत आली. पत्रा गंजून तिची अर्धी बाजू नाहींशी झाली होती. पुढील वर्षीं पॅरिस येथील लिलांवांत ती २ लक्ष ६० हजारांहून अधिक युरोंस विकली गेली, आणि घेणाऱ्यानें तिला नवी बॉडी न चढवितां त्याच स्थितींत आपल्या संग्रहालयांत मांडली. तसेंच, कॅलिफोर्नियांतील पेबल बीच येथील प्रदर्शन आजवर चकचकीत जीर्णोद्धाराचें माहेरघर गणलें जाई. तेथें २०२४ सालीं सर्वश्रेष्ठ बक्षीस प्रथमच एका जतन केलेल्या, जीर्णोद्धार न झालेल्या गाडीस मिळालें. ती १९३४ ची बुगाटी ‘टाइप ५९’. शर्यतीसाठीं बांधलेली ही गाडी कारखान्यानेंच पुढें फेरफार करून स्पोर्ट गाडी बनविली, आणि नंतर ती बेल्जमचा राजा तिसरा लिओपोल्ड याजकडे गेली. म्हणजे बक्षीस मिळालें तें पहिल्या रूपाला नव्हे, तर प्रामाणिकपणें वाहत आलेल्या नंतरच्या रूपाला. ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

६

आतां नियमांकडे वळूं. आंतरराष्ट्रीय संघाची २०१२ ची सनद ‘ट्यूरिन सनद’ म्हणून ओळखली जाते. ती इमारतींच्या जतनासंबंधींच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या धर्तीवर केलेली आहे. वाहनाच्या आयुष्यांत झालेले फेरफार हाहि त्याच्या इतिहासाचाच भाग समजावा. नवें घातलेलें ओळखूं यावें. केलेल्या कामाची नोंद ठेवावी. आणि काढलेले जुने भाग गाडीबरोबर जपावे, असा तिचा एकंदर आशय आहे. तत्त्वें उत्तम आहेत. वैगुण्य एवढेंच कीं, ती सनद कोणावर बंधनकारक नाहीं. ज्याला ती पाळावीशी वाटते तो बहुधा ती नसतीहि तरी तसाच वागला असता.

ब्रिटनमध्यें पुन्हां बांधलेल्या गाडीला जुना नोंदणी-क्रमांक ठेवतां येईल कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं अनेक वर्षें गुणांची पद्धति होती. चासीला ५ गुण, स्प्रिंगांची रचना, आंस, गिअरबॉक्स व सुकाणू यांना प्रत्येकीं २, आणि इंजिनाला १. एकंदर ८ मिळाले कीं क्रमांक कायम. चासीहून वेगळ्या अशा बॉडीला त्यांत एकहि गुण नव्हता. ज्या देशानें बॉडीची कला परमावधीस नेली त्याच देशाच्या दप्तरीं तिची किंमत शून्य, हें चमत्कारिक खरें. परंतु पद्धति निदान स्वतःशीं सुसंगत होती.

आपल्याकडील २०२१ चा नियम याच्या अगदीं उलट आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनीं, ‘मूळ स्वरूपांत’ राखलेलीं, आणि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत फेरफार अशा स्वरूपाची मोठी दुरुस्ती न झालेलीं, दुचाकी व चारचाकी खासगी वाहनें ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविलीं जावींत, असें तो सांगतो. त्यांस ‘व्हीए’ हीं अक्षरें असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २० हजार रुपये शुल्क पडतें, आणि ती १० वर्षें चालते. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, मिरवणुकी व देखभाल एवढ्यांसाठींच अशी गाडी रस्त्यावर आणतां येते. जुन्या गाड्यांची कायद्यानें दखल घेतली, हें निःसंशय अभिनंदनीय आहे. पण बॉडीसंबंधींचें कलम शब्दशः वाचल्यास तीन दोष दिसतात.

पहिला दोष, ‘मूळ स्वरूप’ कोणत्या तारखेचें हें सांगितलेलें नाहीं. वर दाखविलेल्या तीन अर्थांपैकीं कोणता घ्यावा, हें तपासणाऱ्या समितीच्या मर्जीवर राहतें. दुसरा दोष, फेरफाराला काळाची मर्यादा नाहीं. एखाद्या संस्थानिकानें १९३६ सालीं आपल्या १९२८ च्या गाडीवर नवी बॉडी चढविली असेल, आणि दुसऱ्या कोणीं २०२० सालीं तसेंच केलें असेल, तर नियमाच्या दृष्टीनें दोघेहि सारखेच. वस्तुतः पहिली गोष्ट इतिहास आहे व दुसरी हौस आहे. तिसरा दोष सर्वांत गंभीर. जुनी बॉडी टाकून हुबेहूब तशीच नवी केली, तर डोळ्यांना ‘मूळ स्वरूप’ दिसतें व गाडी सहज पार पडते. उलट १९३६ ची खरी, पण नंतरची, बॉडी अंगावर असलेली गाडी अडते. म्हणजे नियम नकलेला बक्षीस देतो आणि साक्षीला शिक्षा करतो. ज्या मालकाला नोंदणी हवी आहे त्याला खरी नंतरची बॉडी उतरवून खोटी पहिली बॉडी चढविण्याचा मोह हा नियमच घालतो. संस्थानिकांच्या ज्या थोड्या गाड्या आपल्या देशांत उरल्या आहेत त्यांच्या बाबतींत ही चूक मागाहून सुधारतां येणार नाहीं. कारण फेंकलेली बॉडी परत मिळत नसते.

उपाय कठीण नाहीं. हस्तलिखितांच्या सूचींत ग्रंथाचा रचनाकाल व प्रतीचा लेखनकाल हीं दोन निराळीं नोंदतात. सभासदाची बखर १६९७ ची म्हणून तिची प्रत्येक प्रत १६९७ ची ठरत नाहीं. तसेंच नोंदणीपुस्तकांत चासी, इंजिन व बॉडी यांचे तीन निराळे रकाने असावेत, आणि प्रत्येकापुढें कर्ता व काळ लिहावा. ‘मूळ कीं बदललेली’ हा प्रश्न न विचारतां ‘कोणाची व केव्हांची’ हा विचारावा. पहिल्या प्रश्नाला मालक खोटें उत्तर देण्याचा संभव असतो. दुसऱ्याला खरें उत्तर दिल्यानें त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

७

आमच्या मतावर दोन आक्षेप येतील. पहिला असा कीं, मोटार ही चालण्यासाठीं आहे. कुजलेलें लांकूड व गंजलेला पत्रा राखून ती चालणार कशी? हें खरें आहे, आणि ब्रेक, टायर, चाकें यांच्या बाबतींत नवें घालण्यास कोणाचाच विरोध नसावा; तेथें माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. लांकडाचा कुजका भागहि बदलावाच लागेल. परंतु तेवढाच बदलावा, बदललेल्या तुकड्यावर साल घालावें, आणि जुना तुकडा, तो कितीहि जीर्ण असो, जपून ठेवावा. एक खांब किडला म्हणून वाडा पाडण्याचें कारण नाहीं. बहुतेक संपूर्ण बॉड्या बदलल्या जातात त्या लांकूड कुजलें म्हणून नव्हे, तर दुसऱ्या घाटाला बाजारांत भाव अधिक म्हणून, हें विसरूं नये.

दुसरा आक्षेप मालकीचा : गाडी ज्याची, त्यानें तिचें काय हवें तें करावें. कायद्यानें हें बरोबर आहे. आपल्या घरांतील दप्तर जाळण्याचाहि हक्क त्याच्या मालकाला होताच, आणि कित्येकांनीं तो बजावला. त्याचे परिणाम संशोधक आजहि भोगीत आहेत. मालकाचा हक्क नाकारण्याचें आमच्या मनांत नाहीं. त्यानें हक्क बजावण्यापूर्वीं आपल्या हातीं काय आहे हें त्याला कळावें, एवढीच अपेक्षा आहे.

एकंदर विवेचनाचें तात्पर्य येणेंप्रमाणें : नवी बॉडी बांधणें हा दोष नव्हे, ती नवी आहे हें लपविणें हा दोष आहे. पहिलें रूप हें नंतरच्या रूपाहून आपोआप अधिक अस्सल ठरत नाहीं. काळाच्या ओघांत खरोखर घडलेलें प्रत्येक रूप अस्सल होय, आणि मागाहून कल्पिलेलें रूप, मग तें कितीहि प्राचीन दिसो, नक्कल होय. गाडीच्या नांवाचें सातत्य कायद्यानें ठरवावें. तिच्या अंगावरील साक्षीचें मोल इतिहासानें ठरवावें. आणि एकाचा निकाल दुसऱ्याच्या गळ्यांत बांधूं नये.

महाराष्ट्रांतील जुन्या संस्थानांच्या व सरदार घराण्यांच्या दप्तरांत मोटारींच्या खरेदीचीं बिलें, बॉडी बांधणारांशीं झालेला पत्रव्यवहार, छायाचित्रें, निदान मोटारखान्याच्या खर्चाच्या वह्या सांपडण्याचा संभव आहे. असे कागद आजवर किरकोळ म्हणून बाजूला पडत आले. एखाद्या गाडीवरची बॉडी कोणाची व केव्हांची, याचा निर्णय उद्यां अशाच एखाद्या बिलावरून व्हावयाचा आहे. दप्तरें चाळणाऱ्या अभ्यासकांनीं तीं टाकून न देतां त्यांची तारीखवार नोंद करून ठेवावी, अशी विनंति आहे.